वार्निश लावलेली काठवट

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी काठवट पाहिली नसेल, म्हणून आधी तेवढं सांगते. लाकडाचा एकच रुंद ओंडका आतून कोरायचा, त्याला पसरट, खोलगट आकार द्यायचा आणि त्यात कणीक मळायची, ती काठवट. मला कुठे जोड नाही, खिळा नाही. माझ्यात एका वेळी पायलीभर पिठाची कणीक मळून होते. एवढं मी स्वतःबद्दल खात्रीनं सांगू शकते. बाकी माझ्या आयुष्यातलं पुष्कळसं मला कळलेलंच नाही. तुम्हाला सांगता सांगता कळलं तर बरं होईल.

पूर्वी मी शिवणीच्या झाडात होते. अकोल्याकडून पातूरला आलात की रस्त्याच्या पुढे टेकड्या लागतात. त्यांच्या पायथ्याशी ते झाड होतं. वाऱ्यानं ते पडलं तेव्हा शेषराव वाढई आले. आमच्या वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणतात. त्यांनी ओंडका उलटसुलट करून पाहिला, त्यावर थाप मारली आणि लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. सहा दिवस ते माझ्या पोटातलं लाकूड काढत होते. मला वाटलं, हे मला संपवतायत. रोज माझं काहीतरी कमी व्हायचं आणि ते मात्र रोज जास्त खूश दिसायचे. सातव्या दिवशी त्यांनी मला जवसाचं तेल पाजलं आणि म्हणाले, "झाली तयार." मी तयार झाले म्हणजे नेमकं काय झालं, ते मला त्या दिवशी समजलं नाही. जेवढं लाकूड माझ्यात उरलं होतं, त्यापेक्षा जास्त तर त्यांच्या पायाशी भुशात पडलं होतं.

मैनाबाईंचं लग्न होऊन त्या पुंजाजींच्या घरी आल्या, त्याच वर्षी मीही त्या घरी आले. माळी कुटुंब. घराला लागूनच वावर, वावरात वांगी, सांबार, मेथी आणि बांधानं झेंडूच्या रांगा. वावर म्हणजे शेत आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरगावच्या मुलांसाठी सांगते.

माझं खरं काम रोडग्यांच्या दिवशी असायचं. थंडीत, मार्गशीर्ष-पौषात, मारोतीच्या नावानं वावरात रोडगे व्हायचे. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक. तिच्या लहान लहान पोळ्या लाटायच्या, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या आणि बाहेरून आणखी एका पोळीनं बंद करून चेंडूसारखा गोळा करायचा. गोवऱ्या पेटवून त्यांचे निखारे झाले की हे गोळे त्यात पुरायचे. भाजायचं काम पुरुषांचं. पुंजाजी रोडगा बाहेर काढून त्यावर बोटानं टकटक करायचे आणि कान लावायचे. आवाज पोकळ आला तर झाला, जड आला तर परत निखाऱ्यात. मग सगळे रोडगे स्वच्छ पोत्यात भरून दोघांनी दोन टोकं धरायची आणि झुलवायचं. राख झडते. मग रोडगा फोडायचा, त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. पंगत उठली की मैनाबाई मला राखेनं घासायच्या, सावलीत वाळवायच्या आणि वर्षातून दोनदा तेल द्यायच्या. त्या माझ्याशी बोलायच्याही. "लय काम केलं माय तू आज," म्हणायच्या.

हे दिवस बरेच होते. याच दिवसांत त्यांचा गोपाल झाला, आणि तो लहान असताना मला त्याच्या आंघोळीलाही घेतलं. कणीक मळायची की पोर धुवायचं, यात माझा पहिला गोंधळ झाला. पण दोन्ही गोष्टी मऊ होत्या, म्हणून मी तक्रार केली नाही.

मग स्टीलची परात आली. ती हलकी होती आणि वाजायची. मारोतीच्या जेवणाला मोठी भांडी भाड्यानं येऊ लागली. मला गोठ्यात नेलं आणि माझ्यात गाईसाठी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवू लागले. पुढे एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. मी विचार करायचे, माझ्यात अन्न होतं तेव्हा मी काठवट होते, आता मी कोण? गाईला हे विचारता येत नव्हतं. कोंबडी तर एकवीस दिवस जागची हललीच नाही.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग गोपालचं लग्न झालं आणि वर्षाली या घरी आली.

वर्षाली अमरावतीला शिकलेली. शिकता शिकता तिनं दोन वर्षं चिखलदऱ्याला पाहुणे घेऊन जाणाऱ्या मंडळींकडे काम केलं होतं. लांबून लांबून येणारी माणसं काय बघायला येतात, काय खातात, कशाचे फोटो काढतात, हे तिला माहीत होतं. तिच्या मनात एक बेत होता. पातूरजवळ टेकडीत दगडात कोरलेली जुनी लेणी आहेत. सकाळी पाहुण्यांना ती दाखवायची. वाटेत पक्षी, झाडं, जमलं तर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप. आणि दुपारी वावरात, निंबाखाली, रोडग्यांचं जेवण.

गोपालला यात काही दम वाटत नव्हता. त्याच्या मित्रानं अकोल्याला एका कारखान्यात त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. शेजारचे केशवराव पुंजाजींचं वावर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं कसायला, मागत होते आणि उत्तरासाठी थांबले होते. एका संध्याकाळी गोठ्याच्या दारात उभं राहून गोपाल वर्षालीला म्हणाला, "एक डाव करून पाय. पाहुने खूश होऊन गेले तं राहू इथंच. नाई तं केशवरावले वावर देऊ अन् अकोल्याले जाऊ. मंग मले दोष द्याचा नाई."

"नाई देत दोष," वर्षाली म्हणाली. "पन तुमीबी मनातून हारून बसू नका आतापासूनच."

मित्रांनो, तिचं सगळं त्या एका दिवसावर होतं. हे घर, निंब, झेंडूच्या रांगा, सगळं. गोठ्यात असल्यामुळे हे मला त्या घरातल्या इतर भांड्यांच्या आधी कळलं.

त्याच सुमारास मैनाबाई लेकीच्या बाळंतपणाला अंजनगाव सुर्जीला गेल्या. दीड महिना त्या नव्हत्या. त्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं.

वर्षालीनं मला गोठ्यातून बाहेर काढलं. घासून घासून धुतलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला वाटलं, आता पीठ येणार. पीठ आलं नाही. पातूरहून एक पेंटर आला. त्याच्या हातात डबा होता आणि त्या डब्यातून असा काही वास येत होता की डोळे असते तर मी मिटले असते. त्यानं मला वार्निशचे दोन हात दिले. मी चमकू लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात मला आकाश दिसलं. मग वर्षालीनं मला पडवीतल्या भिंतीवर उभं टांगलं आणि खाली एक पाटी लावली, 'शंभर वर्षांची काठवट'.

माझं वय त्या दिवशी एकदम दुप्पट झालं. पण ती शिकलेली मुलगी होती, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, असं म्हणून मी गप्प बसले. शिवाय भिंतीवर उभं राहण्याची मला सवय नव्हती. मला सारखं वाटायचं, माझ्यातलं काहीतरी सांडतंय. माझ्यात काहीच नव्हतं.

लोक यायचे, मला पाहायचे, "वा, काय वस्तू हाय" म्हणायचे. एवढं कौतुक मला रोडग्यांच्या दिवसांतही कुणी केलं नव्हतं. आणि तरी मला बरं वाटत नव्हतं. तेव्हा कुणी मला वा म्हणत नसे, पण दिवसातून चार वेळा माझ्यात हात घालत असे. यातलं चांगलं कोणतं, ते मला ठरवता येईना.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मैनाबाई परत आल्या. पडवीत पाय ठेवला आणि भिंतीकडे पाहून थांबल्या.

"वर्षाली, काठवटीले फाशी देल्ली काय वो?"

वर्षाली हसली. "पाहुन्यायले दाखवाले हाय आत्याबाई. जुनी वस्तू पाह्यली का खूश होतात ते."

"अन् हे शंभर कायचं लिवलं?"

"अंदाजानं लिवलं."

"माह्या लग्नाच्या साली झाली ते. मंग मी शंभरची काय?"

पुंजाजी ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "दिसतं तसंच."

मैनाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. प्रवासानं थकल्या होत्या. त्यांनी माझ्याजवळ येऊन मला हात लावला नाही. लावला असता तर त्यांना चिकट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नाशिकहून आलेले अठरा पाहुणे उतरले. त्यांच्यासोबत शेखर नावाचे गृहस्थ होते. ते अशा सहली नेतात आणि मग त्या जागेबद्दल लिहितात. ते वाचूनच पुढचे लोक यायचं की नाही ते ठरवतात, हे वर्षालीनं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पाहुण्यांत गीतांजलीताई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, पांढरे केस, पायात चांगले बूट.

चहा झाला. मैनाबाई वावरात वांगी तोडायला गेल्या. आणि वर्षालीनं मला भिंतीवरून उतरवलं. तिनं असं ठरवलं होतं की पाहुण्यांनीच कणीक मळायची, म्हणजे त्यांना वऱ्हाडी जेवण स्वतःच्या हातांनी केल्यासारखं वाटेल. पेंटरनं तिला सांगितलं होतं, "वाळलं का काई होत नाई ताई." तिनं त्यावर विश्वास ठेवला. आणखी कुणाला विचारलं नाही.

पीठ आलं, मित्रांनो. तेरा वर्षांनी माझ्यात पीठ आलं. मग मीठ, ओवा, तेलाचं मोहन, पाणी. आणि मग हात, एकामागून एक. कुणाचे जाड, कुणाचे अंगठ्या काढून ठेवलेले, कुणाचे इतके मऊ की त्यांनी आयुष्यात कणीक मळली नसावी. फोटो काढत होते, हसत होते. एक जण म्हणाला, "हे जिमपेक्षा अवघड आहे." मी इतकी सुखात होते की माझ्या अंगावरचा तो चमकता पापुद्रा ओल्या कणकीत मऊ पडतोय, हे मला जाणवलंच नाही. किंवा जाणवलं असेल आणि मी तिकडे लक्ष दिलं नसेल. आजही मला नक्की सांगता येत नाही.

कणीक मुरायला हवी म्हणून वर्षालीनं तिच्यावर ओलं फडकं झाकलं. पुंजाजी पाहुण्यांना घेऊन लेण्यांकडे निघाले. लहानपणी त्या टेकडीवर त्यांनी गुरं चारलेली. मी मागे अंगणात, कोवळ्या उन्हात राहिले. कणीक आणि मी.

अकराच्या सुमारास मैनाबाई वांग्यांची टोपली घेऊन आल्या. त्यांनी फडकं उचललं, वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग कणकीचा छोटा तुकडा तोडून नाकाशी नेला.

"वर्षाली, इकडं ये. वास घे."

वर्षालीनं वास घेतला. तिचा चेहरा उतरला. "रंगाचा येऊन राह्यला."

"येनारच. लाकडाले तेल पाजतात माय, रंग नाई पाजत. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

"तुमी अंजनगावले होत्या."

"फोन नाई काय अंजनगावले?"

 वर्षाली माझ्या काठाशी खाली बसली. मला पहिल्यांदा नीट समजलं की हा वास माझा आहे. बाहेरून आलेला नाही, कणकीचा नाही, माझा. जिच्यात लहानपणी गोपालला धुतलं, तिनं पायलीभर अन्न नासवलं. पण मी काय केलं होतं? मी तर नुसती चमकत होते. मला राग यावा की लाज, आणि कुणाचा, कशाची, काहीच कळेना.

गोपाल गोवऱ्या रचत होता, तो आला. त्यानं वास घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाजल्यावर जाईन वास. वरून तूप टाकू भरपूर. कोनाले समजते?"

"मले समजते," मैनाबाई म्हणाल्या.

"माय, तू नको बोलू मधात. साडेबाराले पाहुने येतात. आता पीठ दळून आनाचं, मळाचं, भाजाचं, तीन-चार वाजतात. उपाशी बसवतं काय अठरा मानसं? मंग ते शेखरभाऊ काय लिवतीन?"

खरं होतं ते. वर्षालीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा गोपालकडे. मी जन्मापासून इतक्या हातांखाली आले, पण तिचे होते तसे हात मी पाहिले नव्हते. ते कणकीवर ठेवलेले होते आणि मळत नव्हते.

"ज्यायनं हे मळलं त्यायच्याच पोटात हा रंग घालू?" ती शेवटी म्हणाली. "नाई जमत अहो मले. कोनी बिमार पडलं तं? अन् नाई पडलं तरी."

"मंग सांगशील काय त्यायले?"

"जे झालं ते."

तिनं सगळी कणीक माझ्यातून काढली. गाईलाही देता येत नव्हती, म्हणून उकिरड्याच्या कडेला खड्डा करून त्यात पुरली. हे करताना ती रडली नाही, पण नाक सारखं पुसत होती.  गोपालनं मोटारसायकल काढली आणि गिरणीवर गव्हाचं पीठ आणायला गेला. मैनाबाई शेजारच्या पार्बताबाईंकडे गेल्या आणि त्यांची मोठी पितळी परात डोक्यावर घेऊन आल्या. पार्बताबाई परातीमागोमाग आल्या. "परात एकटी कशी पाठवू?" म्हणाल्या आणि लुगड्याचा पदर खोचून बसल्या.

साडेबाराला पाहुणे आले. उन्हानं तांबडे झालेले, भुकेले. वर्षाली त्यांच्यासमोर उभी राहिली. तिची प्रमाण मराठी चांगली आहे, पाहुण्यांशी ती तशीच बोलते.

"तुम्ही सकाळी मळलेली कणीक मी टाकून दिली. मी या काठवटीला वार्निश लावलं होतं, शोभेसाठी. ते कणकीत उतरलं. चूक माझी आहे. नवीन कणीक मळतोय. जेवायला चार वाजतील." मग म्हणाली, "आणि ती शंभर वर्षांची नाही. साधारण शेहेचाळीस असेल. तेही मी चुकीचं लिहिलं."

कुणीतरी हसलं. कुणीतरी घड्याळ पाहिलं. एक जोडपं आपसांत कुजबुजू लागलं, त्यांना संध्याकाळी अकोल्याहून गाडी पकडायची होती. शेखर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "वर्षालीताई, चार म्हणजे चार की पाच?"

तेव्हा गोपाल पुढे झाला. पिठाची थैली अजून त्याच्या खांद्यावर होती. "चारच. नाई झालं तं मले बोला, तिले नका बोलू. मी तं म्हटलं होतं तसेच भाजू म्हनून. हिनं आयकलं नाई."

हे त्याला सांगायची काही गरज नव्हती. तो हे का बोलला, मला कळलं नाही. वर्षालीलाही कळलं नसावं, कारण ती त्याच्याकडे बघतच राहिली.

त्यानंतरचे जवळजवळ चार तास मी कधी विसरणार नाही, आणि त्या चार तासांत मला काहीच समजलं नाही हेही खरं.

मैनाबाईंनी पाहुण्यांना निंबाखाली बसवलं नाही. "बसून भूक लय लागते," म्हणाल्या आणि सगळ्यांना वावरात नेलं. तिथे तुरीच्या शेंगा तोडायला लावल्या आणि मीठ घालून उकडल्या. हरभऱ्याची घाट्यांसकट रोपं उपटून काडीकचऱ्याच्या जाळावर भाजली. लोक काळ्या बोटांनी घाटे सोलून खाऊ लागले. बांधावरची बोरं, दोन पेरू कापून अठरा जणांत. कुणी पार्बताबाईंकडून पोळी लाटायला शिकू लागलं. ज्यांना घड्याळाची काळजी होती ते जोडपंसुद्धा काही वेळ घाटे खाण्यात गुंतलं. वर्षालीनं यातलं काहीच ठरवलेलं नव्हतं. तिनं आखलेला दिवस वेगळाच होता.

आणि मी? पुंजाजींनी मला मांडीवर घेतलं. एक फुटलेली काच शोधून तिची धार बोटानं तपासून पाहिली आणि माझ्या पोटातलं वार्निश खरवडू लागले. पातळ पातळ साली निघत होत्या. गीतांजलीताई येऊन शेजारी बसल्या.

"पुंजाजीभाऊ, लेण्यांमध्ये तुम्ही सांगत होता, ते दगडही असेच कोरलेले ना?"

"हो बाई. कोनं तरी डोंगराचं पोट काढलं. मंग तिथं साधू राहाचे म्हनतात. मंग आमची गुरं बसाची पावसात. आता तुमी येता फोटो काढाले."

"मग ती लेणी कुणाची म्हणायची?"

पुंजाजी खरवडत राहिले. "तेवढं काई मले सांगता येत नाई. पन कोनी तिथं रंग मारला तं मी भांडीन."

गीतांजलीताईंनी त्यांच्याकडून काच मागून घेतली. आधी त्यांना ती धरता येईना. पुंजाजींनी बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, "दाबू नका, नुसती फिरवा," म्हणाले. त्या अर्धा तास खरवडत बसल्या. मी ती लेणी पाहिलेली नाहीत. काठवटीला पाय नसतात. पण पोट कोरून घेतल्याखेरीज जिचा उपयोग झाला नाही अशी मी एकटीच नाही, ती लेणीही तशीच आहेत, हे ऐकून मला जरा सोबत मिळाल्यासारखं झालं.

सव्वाचारला पुंजाजींनी पहिला रोडगा निखाऱ्यातून काढला आणि त्यावर बोटानं वाजवून पाहिला. झाला होता. त्या जोडप्याला निघावंच लागलं. मैनाबाईंनी त्यांना चार रोडगे फडक्यात बांधून दिले, भाजी डब्यात. ते नीट निरोप न घेता गेले, हे मी पाहिलं. बाकीचे सोळा जण निंबाखाली पंगतीत बसले. फार कुणी बोलत नव्हतं. खात होते.

निघताना शेखर वर्षालीला म्हणाले, "हे बघा, जेवण सव्वाचारला मिळालं हे मी लिहिणार."

"लिहा," ती म्हणाली. "का उशीर झाला तेही लिहा."

"तेही लिहीन." ते गाडीत बसले. गाडी वळून रस्त्याला लागली.

पाहुणे खूश होऊन गेले की नाही? मी मोजायचा प्रयत्न केला. दोघं नक्कीच नाराज. शेखरांचं काही सांगता येत नव्हतं. गीतांजलीताई दोन रोडगे मागून घेऊन गेल्या होत्या. घरात कुणालाही याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि कुणी कुणाला विचारतही नव्हतं. वर्षाली परात घासत होती, एकाच जागी पुन्हा पुन्हा.

दिवे लागायच्या आत केशवराव आले. उत्तर घ्यायलाच आले होते. गोपालनं त्यांना बसायला खाट दिली आणि उरलेला एक रोडगा तूप घालून समोर ठेवला.

"लय दिवसानं खाल्ला बुवा," केशवराव म्हणाले. "मंग, काय ठरलं तुमचं?"

वर्षालीचा हात परातीवर थांबला.

"वावर देनं नाई होत केशवरावभाऊ," गोपाल म्हणाला. "यंदा नाई."

"काहून? पाहुने खूश झाले काय?"

"ते नाई माईत." गोपालनं जरा विचार केला. "पन पाहुन्यायसमोर हिनं एकटीनं खरं सांगतलं, अन् मी हे वावर दुसऱ्याच्या हातात देऊन अकोल्याले पळालो, तं बरं नाई दिसत."

केशवरावांना ते काही उमगलं नाही. त्यांनी रोडगा संपवला, पाणी प्यायले आणि "पाहा बुवा, मी हाओच शेजारी" म्हणून गेले. वर्षालीनं परात पुन्हा घासायला घेतली. यावेळी लवकर आटोपली.

पुढच्या चार दिवसांत पुंजाजींनी मला आतून पूर्ण खरवडलं. मैनाबाईंनी गरम पाणी, राख, मग ज्वारीचं पीठ ओलं करून चोळलं, मग ते फेकून दिलं, पुन्हा चोळलं. आठवडाभर उन्हात राहिले. मग जवसाचं तेल. आता मी पूर्वीपेक्षा थोडी पातळ झाले आहे. माझ्यात आकाश दिसत नाही. बाहेरच्या बाजूला, तळाशी, जिथे काच पोचली नाही, तिथे अजून वार्निशचा एक डाग आहे. पाटीही काढून टाकली.

त्यानंतर चार वेळा पाहुणे येऊन गेले. कधी जास्त, कधी कमी. प्रत्येक वेळी माझ्यात पीठ पडण्याआधी वर्षाली मला उचलून सासूबाईंकडे नेते. मैनाबाई वाकून वास घेतात, बोटानं पुसून पाहतात आणि "घे" म्हणतात. त्या वास घेत असताना मला अजूनही धाकधूक वाटते. काही चुकलं तर नाही ना, काही राहिलं तर नाही ना. मी कोण आहे याबद्दल माझा गोंधळ पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. मी पुन्हा काठवट झाले, हे माझ्यामुळे झालं, की वर्षालीनं पाहुण्यांना खरं सांगितल्यामुळे, की एका फुटक्या काचेमुळे, मला खरंच सांगता येत नाही.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला समजली आहे, आणि ती मी तुमच्याजवळ ठेवते. तुमच्याही घरात, गावात, टेकडीवर जुन्या वस्तू असतील, कुणी कोरलेल्या, कुणी घडवलेल्या. त्या सांभाळाव्या असं तुम्हाला वाटेल, आणि वाटलंच पाहिजे. पण त्यांना रंग लावण्याआधी, भिंतीवर टांगण्याआधी, त्यांच्याबद्दल पाटीवर काही लिहिण्याआधी, ज्यानं ती वस्तू वापरली त्या माणसाला एकदा विचारा. तो म्हातारा झाला असेल, रागीट असेल, दुसऱ्या गावी गेला असेल. तरी विचारा. आणि तो माणूस आता नसेल, तर निदान घाई करू नका.

उद्या सकाळी अकरा पाहुणे येणार आहेत. मैनाबाई आतून हाक मारतायत, "वर्षाली, काठवट आन इकडं." मला जायला हवं.